तीन कुलपांची पेटी

नोकरीची शेवटची बावीस वर्षे मी एका बँकेच्या कर्जविभागात काढली. शाखेच्या मागच्या बाजूला, खिडकी नसलेल्या एका खोलीत, गहाणखतांची कपाटे होती आणि त्या खोलीच्या पोलादी दाराला दोन किल्ल्या लागत. एक शाखाधिकाऱ्यांकडे असे, दुसरी माझ्याकडे. दोघांपैकी कोणी रजेवर निघाला की किल्ली सुपूर्द केल्याची नोंद वहीत करून, खाली सह्या झाल्याशिवाय घरी जाता येत नसे. अशा शिस्तीत मुरलेल्या माणसाला इतिहासाच्या पुस्तकात लढायांच्या आधी कुलपे दिसतात. तेराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ज्यूंच्या कर्जखतांसाठी गावोगावी तीन कुलपांच्या सरकारी पेट्या होत्या, हे वाक्य वाचले तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की तिन्ही किल्ल्या कोणाकोणाकडे असतील.

उत्तर ११९४ सालच्या राजाज्ञेत आहे. एक किल्ली गावातल्या दोन प्रतिष्ठित ख्रिश्चनांकडे, एक दोन ज्यूंकडे आणि तिसरी राजाच्या कारकुनांकडे. कर्जाचा करार एकाच चर्मपत्रावर दोनदा लिहायचा, मधोमध नागमोडी रेघ कापून त्याचे दोन तुकडे करायचे, ऋणकोची मोहोर असलेला तुकडा धनकोने घरी न्यायचा आणि दुसरा पेटीत टाकायचा. वाद निघाला तर दोन्ही तुकड्यांच्या कडा जुळवून पाहायच्या. कडा जुळल्या की करार खरा. या पेटीला ते ‘आर्का’ म्हणत. पुढे या साऱ्या पेट्यांवर देखरेख ठेवायला वेस्टमिन्स्टरमध्ये ज्यूंच्या हिशेबांची स्वतंत्र कचेरी उभी राहिली. कर्ज फिटले की धनको एक फारखती लिहून देई. तिला ‘स्टार’ म्हणत. दस्तऐवज या अर्थाच्या ‘श्तार’ या हिब्रू शब्दाचे ते इंग्रजी तोंडात रुळलेले रूप. पद्धत इतकी नेटकी आहे की कागदपत्रांच्या माणसाला ती पाहून कौतुक वाटावे. मला वाटलेही, आणि ते फार वेळ टिकले नाही, कारण ही पद्धत का सुरू झाली ते पुढच्याच पानावर होते.

ज्यू इंग्लंडमध्ये आले ते १०६६ नंतर, नॉर्मंडीच्या विल्यमने देश जिंकल्यावर, बहुतेक नॉर्मंडीतल्याच रुआँ शहरातून. चर्चने ख्रिश्चनांना व्याज घ्यायला मनाई केली होती, राजाला आणि सरदारांना तर गढ्या, चर्च आणि लढायांसाठी रोकड हवी होती, त्यामुळे पतपुरवठ्याचे काम मोठ्या प्रमाणावर ज्यूंच्या वाट्याला आले. ‘सावकार’ हा शब्द मी येथे मुद्दाम टाळतो आहे. तो उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर गादीवर रेलून बसलेला, गावावर वचक असलेला एक माणूस उभा राहतो. इंग्लंडमधल्या ज्यूचा कोणावर वचक नव्हता. तो कायद्याने राजाची मालमत्ता होता. त्याचे सगळे काही अखेर राजाचे, हे तत्त्व उघडपणे मांडले जाई. लिंकन गावचा बडा ज्यू धनको ॲरन ११८६ साली वारला तेव्हा त्याची येणी राजाने ताब्यात घेतली आणि ती इतकी होती की त्यांच्या वसुलीसाठी खजिन्यात ‘ॲरनचे खाते’ अशी वेगळी शाखाच उघडावी लागली.

मार्च ११९० मध्ये यॉर्कच्या ज्यूंनी जमावापासून जीव वाचवण्यासाठी राजाच्या गढीतल्या बुरुजात आसरा घेतला. बाहेर वेढा पडला. सुटका नाही असे दिसल्यावर आतल्या बहुतेकांनी आपल्या बायकामुलांचे आणि मग स्वतःचे प्राण घेतले. जे उरले ते अभयाच्या शब्दावर विसंबून बाहेर आले आणि दारातच मारले गेले. सुमारे दीडशे माणसे गेली. त्यानंतर जमाव गावातल्या मोठ्या चर्चमध्ये गेला, तेथे सुरक्षित म्हणून ठेवलेली कर्जखते त्याने बाहेर ओढून काढली आणि चर्चमध्येच त्यांची होळी केली. जमावाच्या पुढाऱ्यांत ज्यूंचे मोठे ऋणकोही होते, हे वेगळे सांगायला नको. चार वर्षांनी राज्याने या घटनेवर जो उपाय काढला तो म्हणजे ती तीन कुलपांची पेटी. पुन्हा दंगल झाली, माणसे मेली, तरी येणे बुडू नये, कारण मेलेल्या ज्यूचे येणे ही राजाची वसुली होती. माणसाची दुसरी प्रत निघत नाही. कागदाची निघते, आणि ती काढून ठेवली गेली.

२०१७ साली मुलाकडे नॉटिंगहॅमला गेलो असताना मी हट्टाने लिंकन पाहून आलो. तेथे ‘स्टीप हिल’, म्हणजे ‘उभी टेकडी’, नावाचा चढ आहे आणि नावात काहीही अतिशयोक्ती नाही. माझ्या गुडघ्यांनी तशी साक्ष दिली. चढाच्या पायथ्याकडे बाराव्या शतकातले दगडी घर उभे आहे. अर्धगोल कोरीव कमानीचे दार, त्या कमानीवरूनच वर गेलेले धुराडे, वरच्या मजल्याला जुन्या नॉर्मन खिडक्यांच्या खुणा. त्याला आजही ‘ज्यूचे घर’ म्हणतात. हे घर बेलासेट नावाच्या ज्यू बाईचे होते आणि नाणी कातरल्याच्या आरोपावरून तिला फाशी झाली, असे परंपरा सांगते. कमानीच्या दगडावर हात ठेवला तर तो थंड आणि कडेला बोटांनी गुळगुळीत झालेला लागला. आठशे वर्षे लोक दारात उभे राहताना तेथेच हात टेकत असणार. आणखी वर एक जुने घर आहे, त्याला बराच काळ ॲरनचे नाव चिकटवलेले होते. ॲरनचा आणि त्याचा संबंध दाखवणारा पुरावा मात्र नाही. ज्यांना गावाने हाकलले त्यांची नावे गाव असे घरांना देत बसते.

चढ संपला की कॅथीड्रल. तेथे दक्षिणेकडच्या बोळात एका लहानग्याच्या थडग्याचा उरलेला चौथरा आहे. १२५५ साली ह्यू नावाचा नऊ वर्षांचा मुलगा नाहीसा झाला आणि ऑगस्टअखेरीस त्याचे प्रेत विहिरीत सापडले. ज्यूंनी त्याला विधीसाठी मारले अशी आवई उठली. कोपिन नावाच्या ज्यूकडून धाकदपटशाने कबुली घेतली गेली. राजा तिसरा हेन्री स्वतः लिंकनला आला आणि त्याने कोपिनला मारवले. नव्वदहून अधिक ज्यू पकडून लंडनला नेले आणि निव्वळ ख्रिश्चन पंचांपुढे न्याय घ्यायला नकार दिला म्हणून त्यांतल्या अठरांना फासावर चढवले. अशी आवई इंग्लंडातच, नॉरिचला, ११४४ सालच्या एका मुलाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा आकाराला आली होती. लिंकनमध्ये तिला पहिल्यांदा राजाज्ञेचे बळ मिळाले. फाशी गेलेल्यांची मालमत्ता अर्थातच राजाकडे गेली. चौथऱ्याजवळ आता विसाव्या शतकात लावलेला एक फलक आहे. ही कथा खोटी होती, तिने अनेक निरपराध ज्यूंचे प्राण घेतले आणि अशा कथा ख्रिस्ती धर्माला शोभत नाहीत, असे तो स्वच्छ शब्दांत सांगतो. मी तो दोनदा वाचला.

याच तिसऱ्या हेन्रीने, त्याच १२५५ साली, आणखी एक व्यवहार केला आणि तो वाचून माझ्यातला कर्जविभागाचा माणूस खरोखर चक्रावला. पैशांची नड भासल्यावर त्याने आपल्या राज्यातले सगळे ज्यू आपला भाऊ, कॉर्नवॉलचा रिचर्ड, याच्याकडे पाच हजार मार्कांना (एक मार्क म्हणजे दोन-तृतीयांश पौंड) गहाण टाकले. मी आयुष्यभर जमिनी, घरे, दागिने, एकदा एक उसाचा गुऱ्हाळ-संच गहाण घेतला. माणसांचा समाजच्या समाज तारण म्हणून लिहून दिलेला कागद कसा दिसत असेल, याची मला कल्पना करता येईना. एका भावाने ज्यांची कातडी सोलली त्यांचे कोथळे काढायला ते दुसऱ्याच्या हवाली केले, अशा आशयाचे मॅथ्यू पॅरिस या तत्कालीन बखरकार भिक्षूने लिहून ठेवले आहे, आणि हा भिक्षू ज्यूंचा कैवारी मुळीच नव्हता. आदल्याच वर्षी लंडनच्या एलियास नावाच्या ज्यू पुढाऱ्याने राजाच्या माणसांपुढे विनवणी केली होती की आता देण्यासारखे काही उरलेले नाही, आम्हांला देश सोडून जाऊ द्या. परवानगी मिळाली नाही. काही वर्षांनी हेच तारण हेन्रीने आपल्या मुलाच्या, राजपुत्र एडवर्डच्या, नावे केले आणि त्याने ते पुढे परदेशी पेढीवाल्यांकडे फिरवले.

व्याजाचा दर किती होता, ही चौकशी मी अर्थातच केली. १२३३च्या नियमाप्रमाणे पौंडामागे आठवड्याला दोन पेनी. पौंडाचे २४० पेनी, वर्षाचे ५२ आठवडे. म्हणजे दरसाल दर शेकडा ४३ रुपयांच्या वर. दर भारी आहे, यात वाद नाही, आणि जमीन गमावलेल्या लहान सरदाराच्या मनातला राग खोटा नव्हता. परंतु ते व्याज राहत कोणाच्या घरात होते? राजा मनात येईल तेव्हा ज्यूंवर सामूहिक पट्टी बसवी. जॉन राजाने १२१० साली ६६,००० मार्कांची पट्टी बसवली. ब्रिस्टलच्या एका ज्यूने दहा हजार मार्क द्यायला नकार दिला तेव्हा रोज त्याचा एक दात उपटण्याचा हुकूम झाला आणि सात दात गेल्यावर आठव्या दिवशी त्याने पैसे दिले, अशी गोष्ट वेंडोव्हरचा रॉजर हा बखरकार सांगतो. पट्टी भरायला ज्यूला आपली येणी तगादा लावून वसूल करावी लागत, नाहीतर बुडत्या भावात विकावी लागत, आणि ती विकत घेऊन गहाण जमिनी गिळणाऱ्यांत दरबारातले बडे लोक असत. एडवर्डची राणी एलेनॉर ही त्यांतली सर्वांत ठळक. तिच्या या उद्योगाबद्दल कँटरबरीच्या आर्चबिशपाने नापसंतीचे पत्र लिहिले होते. लोकांना दारात उभा दिसे तो तगादा लावणारा ज्यू. त्याच्या मागे उभा असलेला राजा दिसत नसे, किंवा दिसला तरी त्याच्या अंगावर धावून जाता येत नसे. १२६०च्या दशकातल्या बंडाळीत बंडखोरांनी ठिकठिकाणी ज्यूंची कत्तल केली आणि पेट्या फोडल्या, ते याच रागापोटी.

एडवर्ड १२७२ साली गादीवर आला. त्याने १२७५ साली कायदा करून ज्यूंना व्याजाचा धंदा पूर्ण बंद केला. व्यापार करा, मजुरी करा, दहा वर्षांपर्यंत शेती खंडाने घ्या, असे कायद्यात म्हटले होते. त्याच कायद्यात हेही होते की सात वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूने वरच्या कपड्यावर पिवळ्या नमद्याचा बिल्ला लावावा, आकार ज्यूंचा प्रेषित मोशे याच्या आज्ञांच्या जोडपाटीसारखा, लांबी सहा अंगुळे, रुंदी तीन अंगुळे. आपल्या घरातले सात वर्षांचे पोर समोर आणून पाहिले की सहा अंगुळांचा तो तुकडा त्याच्या छातीवर केवढा दिसत असेल हे कळते. व्यापार करायला गिल्डचे, म्हणजे व्यापारी संघाचे, सभासदत्व लागे आणि ते ख्रिस्ती शपथेशिवाय मिळत नसे. धान्य आणि लोकर यांच्या आगाऊ खरेदीत काहीजण शिरले, पण बहुतेकांना पोट भरण्याचा मार्ग उरला नाही. त्याच वर्षी राजमातेने आपल्या वाटणीच्या गावांतून, केंब्रिज, वूस्टर, ग्लॉस्टर, मार्लबरो येथून, ज्यूंना बाहेर काढले. १२७८ च्या नोव्हेंबरात नाण्यांच्या कडा कातरून चांदी काढल्याच्या संशयावरून देशभरचे सहाशेहून अधिक ज्यू पकडले गेले. कातरण्याचा गुन्हा दोन्ही धर्मांचे लोक करत होते; लंडनमध्ये फाशी गेलेल्या ज्यूंची संख्या मात्र अडीचशेच्या वर आहे आणि ख्रिश्चनांची तिशीच्या आत.

मग १२९० चा जुलै आला. एडवर्ड तीन वर्षे फ्रान्समधल्या आपल्या गॅस्कनी प्रांतात राहून कर्जबाजारी होऊन परतला होता. तेथल्या ज्यूंना त्याने १२८७ साली हाकलूनही झाले होते. त्याला मोठा कर हवा होता आणि तो देणे परगण्यांतून पार्लमेंटला आलेल्या सरदारांच्या हाती होते. हे सरदार म्हणजे बरेचसे तेच लोक, ज्यांच्या जमिनी गहाणात गेल्या होत्या. सौदा कोणत्या शब्दांत झाला ते कागदावर नाही, पण तारखा बोलक्या आहेत: जुलैच्या मध्यास सरदार जमले, १८ जुलैला हकालपट्टीचे हुकूम परगण्यांच्या शेरीफांना सुटले आणि राजाला चल संपत्तीच्या पंधराव्या हिश्श्याचा कर मंजूर झाला, ज्यातून एक लाख पौंडांच्या वर रक्कम उभी राहिली. पिळून पिळून चिपाड झालेल्या दोन-तीन हजार ज्यूंकडून यापुढे कितीही पट्ट्या बसवून एवढे मिळणे शक्य नव्हते. बँकेच्या भाषेत त्यांचे खाते बुडीत निघाले होते आणि बुडीत खाते बंद करण्याचीच चांगली किंमत मिळत होती. यात चर्चची शिकवण, राजाची धर्मनिष्ठा, लोकांचा द्वेष हे सारे होते, हे मी नाकारत नाही. पण हे सगळे १२५४ सालीही होते, आणि तेव्हा जायची परवानगी मागणाऱ्यांना अडवून ठेवले होते.

१८ जुलै हा त्या वर्षी ज्यू पंचांगातला अव महिन्याचा नववा दिवस होता. जेरुसलेमचे मंदिर दोन्ही वेळा ज्या तिथीला पडले असे मानतात तो उपासाचा, जमिनीवर बसून विलापगीते म्हणण्याचा दिवस. सर्व संतांच्या सणापर्यंत, म्हणजे १ नोव्हेंबरपर्यंत, देश सोडायचा होता. जे अंगावर, गाठोड्यात नेता येईल ते न्यायची मुभा होती. घरे, प्रार्थनामंदिरे, दफनभूमी आणि पेट्यांतली येणी राजाची. आणि आता एक गोष्ट जिच्यापाशी मी फार वेळ थांबलो: प्रत्येक चर्मपत्राच्या दोन-दोन प्रती ठेवणाऱ्या या राज्यात हकालपट्टीच्या मूळ फर्मानाची एकही प्रत उरलेली नाही. उरले आहेत ते अंमलबजावणीचे हुकूम, आणि तेही पाहावेत तर सुरक्षिततेच्या काळजीने भरलेले. जाणाऱ्यांना कोणी इजा करू नये, बंदरांच्या अधिकाऱ्यांनी गरिबांकडून माफक भाडे घ्यावे, वगैरे. कारण सांगितले आहे ते मुदत संपल्यानंतर, राजाच्या ५ नोव्हेंबरच्या पत्रात, खजिन्याच्या अधिकाऱ्यांना येण्यांच्या वसुलीबाबत लिहिताना: १२७५ मध्ये व्याज बंद केले तरी ज्यूंनी त्याहून वाईट प्रकारची व्याजखोरी चालवली आणि तिला ‘शिष्टाचार’ असे नाव दिले, सबब त्यांना घालवले, आता ऋणकोंकडून व्याज सोडून फक्त मुद्दल वसूल करावे. मुद्दल राजाला.

ऑक्टोबरातल्या गार वाऱ्यात लंडनचे ज्यू धर्मग्रंथांच्या गुंडाळ्या घेऊन थेम्सवरून निघाले. नदीच्या मुखाजवळ क्वीनबरोपाशी घडलेली एक हकिकत बखरींत आहे. श्रीमंत ज्यूंना नेणाऱ्या एका जहाजाच्या तांडेलाने ओहोटीच्या वेळी जहाज वाळूच्या दांड्याला टेकवले, पाय मोकळे करा म्हणून प्रवाशांना खाली उतरवले आणि भरती लागताच दोर धरून स्वतः वर चढला. खालचे लोक हाका मारू लागले तेव्हा, मोशेला हाक मारा, त्याने तुमच्या पूर्वजांना समुद्र दुभंगून दिला होता, असे तो म्हणाला. त्याला आणि त्याच्या खलाशांना पुढे शिक्षा झाली. कोकणात वाढल्यामुळे मला त्या भरतीचा वेग ठाऊक आहे. पाणी समोरून येत नाही. दांड्याच्या दोन्ही बाजूंनी चोरपावलांनी येते आणि परतायची वाट आधी बंद करते.

पलीकडच्या किनाऱ्यावर विसाँला उतरलेले लोक फ्रान्समध्ये विखुरले. १२९२ च्या पॅरिसच्या करयादीत काही ज्यूंच्या नावांपुढे ‘इंग्रज’ असे लिहिलेले सापडते. जेथून त्यांना परके म्हणून घालवले त्या देशाचे नाव त्यांना परक्या गावात चिकटले. १३०६ साली फ्रान्सच्या राजानेही त्याच्या राज्यातल्या ज्यूंना हाकलले. इंग्लंडात ज्यूंना उघडपणे राहता येऊ लागले ते १६५६ मध्ये, क्रॉमवेलच्या काळात, ३६६ वर्षांनी. आणि लिंकन? मुदत संपून चार आठवडे होतात न होतात तोच, २८ नोव्हेंबर १२९० रोजी, लिंकनजवळच्या हार्बी गावी राणी एलेनॉर वारली. तिचे शव लंडनला नेताना जेथे जेथे मुक्काम पडला तेथे शोकमग्न राजाने दगडी स्मारके उभारली, एकूण बारा, पहिले लिंकनला. त्याचा एक तुटका तुकडा तेथल्या किल्ल्यात ठेवलेला आहे.

लंडनच्या चॅन्सरी लेनमध्ये तिसऱ्या हेन्रीने १२३२ साली, ख्रिस्ती झालेल्या ज्यूंना राहण्यासाठी एक घर स्थापन केले होते. धर्मांतर करणाऱ्या ज्यूची मालमत्ता राजा घेई, त्यामुळे त्याला डोक्यावर छप्पर देणे भाग होते. हकालपट्टीनंतर ते घर हळूहळू ओस पडले आणि चौदाव्या शतकात राज्याची कागदपत्रे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे त्याचा ताबा गेला. त्या जागेत दस्तऐवज साठत गेले आणि एकोणिसाव्या शतकात तेथेच इंग्लंडचे सरकारी दफ्तरखाने बांधले गेले. पेट्यांमधून आलेले, फारखतींचे, वसुलीचे कागद बराच काळ त्या आवारात होते. आता ते लंडनमधल्या क्यू येथे, राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत. त्यांत १२३३ च्या जमावसुलीची एक गुंडाळी आहे. तिच्या माथ्यावर कोणा कारकुनाने वेळ जात नव्हता म्हणून एक चित्र खरडले आहे: नॉरिचचा धनाढ्य ज्यू आयझॅक, मुकुट घातलेला, तीन तोंडांचा, खाली टोकदार टोपीचा मोशे नावाचा माणूस आणि अव्हेगे नावाची बाई, आणि मधोमध दोघांच्या नाकांना बोटे लावणारे एक भूत. खाली रकमांची ओळीने नोंद. मी त्याचे छायाचित्र मोठे करून पाहिले. कामाच्या कागदावर रेघोट्या ओढणारे सहकारी मलाही होते. अशा चित्रात द्वेष इतका आरामात बसलेला असतो की काढणाऱ्याला तो जाणवतही नसावा.

त्या दफ्तरांत ज्यूंची नावे विपुल आहेत. कोणाचे किती येणे, कोणत्या सणाला हप्ता, कोणाची बायको, कोणाचा जामीन, सारे नावानिशी. फारखतीत तर लॅटिन मजकुराखाली धनकोची हिब्रू सही असते आणि जगाच्या आरंभापासून अंतापर्यंतच्या सर्व मागण्यांतून ऋणको मुक्त, असे वचन असते. लंडनच्या ‘टॉवर’ या किल्ल्याच्या किल्लेदाराने खजिन्यात भरलेल्या १२९० च्या हिशेबात मात्र एकही नाव नाही. निघून जाणाऱ्या ज्यूंकडून त्याने माणशी चार पेनी घेतले, असे १,३३५. गरिबांकडून दोन पेनी, असे १२६. एकूण जमा २३ पौंड ६ शिलिंग. सवयीप्रमाणे मी पेन्सिल घेऊन बेरीज ताडून पाहिली. ५,३४० अधिक २५२, भागिले २४०. हिशेब बरोबर आहे.